इन्व्हर्टरवर चालेल असा प्रोसेसर

टॉवेलांची नक्षी काढणं हे माझं काम. कारखानदार फुलं, मोर, हॉटेलांची नावं असं काहीबाही पाठवतात आणि मी घरी बसून संगणकावर त्याचा आराखडा करते. कुठला धागा वर घ्यायचा आणि कुठला खाली, हे मागाला त्या आराखड्यावरून कळतं. माझे वडील सोलापुरातच यंत्रमागावर राबले. आम्ही घरात तेलुगू बोलतो, वडिलांना मी नायना म्हणते. उभा जन्म सुताचे बारीक तंतू श्वासात गेल्यामुळे त्यांची फुप्फुसं थकली आहेत. आता त्यांच्या खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन असते. दिवसाचा बराच वेळ नाकात नळी लावून ते बसतात आणि मी काय करते ते बघतात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर माझा जुना संगणक अगदीच रडकुंडीला आला. त्याच सुमाराला एका कारखानदाराने नवं काम सांगितलं. टॉवेल विणायच्या आधीच तो कसा दिसेल याचं हुबेहूब चित्र परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचं. लोंबणारा टॉवेल, त्यावर पडलेला उजेड, सुताचं एकेक मऊ वेटोळं दिसलं पाहिजे. जुन्या संगणकावर असं एक चित्र सुरू केलं की स्वयंपाक आटपून जेवणं झाली तरी ते अर्धंच असायचं.

सात रस्ता चौकाजवळ एक संगणकवाले आहेत, मी त्यांना भाईजान म्हणते. सुटे भाग जोडून ते संगणक बनवून देतात. त्यांनी माझ्यासमोर दोन प्रोसेसरचे खोके ठेवले. एकावर पासष्ट वॅट लिहिलेलं, दुसऱ्यावर एकशे पंचवीस.

"हा मोठा घ्या ताई," ते म्हणाले. "तुमचं चित्राचं काम भिंगरीवानी करतो बघा."

"आणि वीज किती खातो?"

"खोक्यावर लिवलंय तेवढीच खातो असं समजू नका. जोर लावला की दुप्पट ओढतो हा मोठा. लहानगा बी लिवल्यापेक्षा थोडं जास्त ओढतो, पण बेतानं."

मला मोठाच हवा होता. इतकी वर्षं मी संगणकासमोर वाट बघण्यात घालवली होती. आमच्या घरी वीज गेली की नायनांची मशीन, एक पंखा आणि माझा संगणक हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर चालतात, असं मी भाईजानना सांगितलं. त्यांनी उघडलेला खोका परत बंद केला.

"मग हितं बसून ठरवायचं न्हाय," ते म्हणाले. "दोन्ही मशीन जोडून घरी आणतो. तितं बघू."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नायना चिडले. मी लहान्याचा विचार करते आहे आणि त्याला कारण आपण आहोत, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

"माझ्यासाठी कमी चालीचं घेऊ नको, बिड्डा," ते म्हणाले. "हातमाग सोडून यंत्रमागावर आमच्या गल्लीत पहिला मी गेलो. लोक नावं ठेवत होते. चालीसाठीच गेलो ना? मला ऑक्सिजनचा सिलेंडर आहे की. वीज गेली तर तो लाव."

"तो अडचणीसाठी आहे, नायना. रोज दुपारी वीज जाते."

"मग रोज लाव."

एवढं बोलून ते टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

दोन दिवसांनी दुपारी भाईजान दोन्ही संगणक घेऊन आले. सोबत त्यांनी एक छोटं मीटर आणलं होतं. ते प्लगमध्ये खोचलं की जोडलेली वस्तू किती वीज ओढते आहे ते दिसायचं. आधी दोन्ही संगणकांवर मी माझं रोजचं काम लावलं, म्हणजे मोराच्या नक्षीचा धाग्यांचा आराखडा करणं. दोन्ही पडदे नायनांच्या खाटेसमोरच होते. आराखडे जवळजवळ एकदमच पुरे झाले.

"मोठ्याला काय झालं?" नायनांनी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते संगणकाबद्दल बोलत होते.

भाईजान त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. "चाचा, ह्या कामात एकाच गड्याचा हात लागतो. बाकीचे गडी नुसते उभे. मोठ्यात गडी जास्त हायत, पण त्यांना काम कुटं?"

मग मी टॉवेलाचं चित्र लावलं. आता मात्र मोठ्याने सगळी ताकद लावली. त्याचा पंखा घोंघावायला लागला, मागच्या जाळीतून गरम वारा यायला लागला आणि मीटरवरचा आकडा चढत गेला. आमची खोली पत्र्याखालची, त्यात एप्रिल महिना. मोठ्याचं चित्र पुरं झालं तेव्हा लहान्याचं निम्म्याच्या थोडं पुढे गेलं होतं.

"बघ," नायना म्हणाले. "मी सांगत होतो."

खरी परीक्षा बाकी होती. मी सिलेंडर खाटेजवळ ओढून आणला, चावी फिरवून पाहिली आणि नायनांच्या हातात त्याची नळी दिली. लहाना बंद करून मोठ्यावर चित्र पुन्हा सुरू केलं. मग भाईजाननी घराचं मेन बटण खाली ओढलं.

इन्व्हर्टरने भार घेतला. क्षणभर वाटलं, निभावलं. मग तो टींटीं करायला लागला आणि बंद पडला. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि नायनांची मशीन किंचाळायला लागली. ती बंद पडते तेव्हा असा आवाज करते हे मला ठाऊक होतं, तरी मी सिलेंडरकडे धावले. नायनांनी शांतपणे नळी बदलली. मी सिलेंडरची चावी उघडली. भाईजाननी मेन बटण वर केलं आणि मशीन पूर्ववत झाल्यावर नायनांनी नळी परत बदलली.

पुन्हा तेच लहान्यावर केलं. इन्व्हर्टर गुरगुरला, पण चालत राहिला. चित्र सावकाश पुढे सरकत होतं.

मोठ्याला सेटिंगमध्ये जाऊन लगाम घालता येतो असं भाईजान म्हणाले. त्यांनी तसं करून दाखवलंही. वीज निम्म्याखाली आली, चाल मात्र तितकी कमी झाली नाही, आणि इन्व्हर्टरनेही तक्रार केली नाही. मला क्षणभर मोह झाला. पण ते सेटिंग कधी कोणी बदललं, दुरुस्तीत पुसलं गेलं, तर ते वीज गेल्यावरच कळणार. आणि त्या वेळी मी बाजारात असले तर?

"लहानच द्या," मी म्हणाले.

नायनांनी विचारलं, "असली चित्रं आठवड्याला किती?"

"एखाद-दुसरं."

"आणि बाकी वेळ तो मोर?"

"बाकी वेळ मोरच."

"मग घे," ते म्हणाले. "मोठ्याचा वारा लई गरम हाय." हे ते भाईजानकडे बघून मराठीत बोलले. भाईजान हसले आणि मोठ्याच्या तारा काढायला लागले.

उन्हाळा त्या लहान्यावर निघाला. दुपारी वीज जायची, इन्व्हर्टर सुरू व्हायचा आणि आम्ही दोघं आपापल्या कामाला असायचो, ते श्वास घ्यायच्या, मी नक्षीच्या. चित्र लावायचं असेल तर मी सकाळी भाजी निवडायला बसायच्या आधी लावत असे. जुन्यापेक्षा काम कितीतरी लवकर व्हायचं.

दिवाळीच्या आधी त्याच कारखानदाराने आणखी एक काम विचारलं. हलत्या चित्राचं. वाऱ्यावर उडणारा टॉवेल, तोही चार दिवसांत हवा. मी हिशोब करून पाहिला. माझ्या संगणकाला ते झेपणार नव्हतं. तसं मी सांगितलं आणि ते काम पुण्याला गेलं.

संध्याकाळी नायनांनी विचारलं, "मोठा घेतला असता तर झालं असतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण दोन्ही पडदे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"झालं असतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "आज कसला रंग करायलीस? इकडं फिरव बघू." मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. निळा फार गडद झालाय, धुतल्यावर पांढऱ्यावर उतरेल, असं ते म्हणाले. मी निळा दोन छटा हलका केला आणि आराखडा पुन्हा लावला.