येळवशीची दोन जेवणं

आमच्या आप्पांचं जेवण सुटलं, असं मी सांगितलं की शाळेतल्या बायका दचकायच्या. तसं काही नव्हतं. ते वेळेवर ताटावर बसत, अर्धी भाकरी मोडत आणि "झालं बाई माझं" म्हणून उठत. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले सगळं ठणठणीत आहे. पण सेलूच्या जिनिंगमध्ये जन्मभर काट्यापाशी उभं राहून कापूस तोललेला हा माणूस, घरी आला की भाकरीची चवड संपवणारा. त्याला अर्धी भाकरी कशी पुरेल? आई गेली आणि मी त्यांना गंगाखेडला माझ्याकडं आणलं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळं कोण किती खातं ते लपतही नव्हतं.

आई होती तेव्हा उलटा प्रकार. आईचं खाणं चिमणीएवढं. त्यात तिला कुणाला नको म्हणता यायचं नाही. लग्नाची पंगत असो नाहीतर भंडारा, वाढणारा येईल तसं ती घेत जायची आणि त्याची पाठ वळली की हळूच सगळं आप्पांच्या ताटात सरकवायची. बुंदी, वांग्याची भाजी, पुरीचा तुकडा, काहीही. आप्पा दरवेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "माझं ताट म्हंजे काय सरकीचं गोदाम हाय का?" आणि खायचे. सगळं चाटूनपुसून खायचे. आई पदराआड हसायची आणि मी लाजेनं मान खाली घालायची.

मी हट्टी आहे, आईसारखी मुळीच नाही. आप्पांना जेवायला लावायचंच, असं मी ठरवून टाकलं. स्टँडसमोरच्या हॉटेलातली सुशीला आणली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर डाळव्याचं कूट आणि लिंबू. ती त्यांची आवडती. दोन घास खाऊन म्हणाले, "चांगली हाय, तू खा." बाजारातून कोवळी वाळकं आणली, दह्याबरोबर धपाटे केले, परभणीच्या उरसाला नेऊन तुपानं निथळणारा हलवा-पराठा समोर ठेवला. सगळ्याला एकच उत्तर. चांगलं हाय, तू खा. माझं वजन वाढायला लागलं, एवढाच काय तो फरक पडला.

अशात आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी येळवशीचं आवतण दिलं. पौषाच्या तोंडावरची ही अमावस्या. आमच्या सेलूकडं तिचं एवढं प्रस्थ नाही, पण इकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात आणि घरांना कुलपं लागतात. याआधी दोनदा मी काहीतरी कारण सांगून टाळलं होतं. या खेपेला मॅडमनी दमच भरला. "काकाला घेऊनच या. न्हाई आलाव तर मी बोलनारच न्हाई तुमच्याशी." पत्ताही सांगितला. फाट्यावरून आत वळा, डाव्या हाताला लिंबाखाली आमची कोप दिसेल.

स्कूटीवर मागं आप्पांना बसवून मी निघाले. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी होती, मधे हिरवागार हरभरा. फाट्यावरून आत वळले आणि पाहते तर काय, दिसेल त्या लिंबाखाली कडब्याची खोपटीवजा कोप उभी होती. लोकेशन बघावं म्हटलं तर फोनला रेंज नाही. तेवढ्यात डाव्या हाताच्या बांधावरून एक माणूस दस्ती हलवत ओरडला, "या या! लय उशीर केलाव!"

आता यापेक्षा जास्त खूण काय पाहिजे? हे मॅडमचे मिस्टर, असं मी धरून चालले. उशीर तर झालाच होता.

त्यांनी आप्पांचा हात धरून बांधावरून उतरवलं, पायांवर पाणी घातलं, कोपीपुढं घोंगडी अंथरली. आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा झालेली होती. एक बाई डोक्यावरचा पदर सावरत वाढायला आल्या. भज्जी म्हणजे ओले दाणे, वाल, हरभऱ्याची पानं, मेथी, हाताला लागेल ते सगळं बेसन आणि चिंचेच्या पाण्यात शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, शेंगांची पोळी आणि मडक्यातली आंबील, लसणाच्या वासाची, थंडगार. मॅडम दिसत नव्हत्या. बांधावर आंबील शिंपडायला गेल्या असतील, असं मीच माझ्या मनाशी ठरवून टाकलं आणि जेवायला लागले.

आप्पांनी एक उंडा मोडला, भज्जीत जरासा टेकवला आणि हात आखडला.

"काय मामा, मीठ कमी पडलं का?" वाढणाऱ्या बाईंचं तोंड एवढंसं झालं.

"न्हाई माय, झालं माझं."

सणाच्या दिवशी, दुसऱ्याच्या शेतात, अर्धा उंडा! मला इतका राग आला की काय सांगू. "त्यांचं पोट जरा नाजूक आहे, तुम्ही मला वाढा," मी म्हणाले. त्यांचं ताट पुढ्यात ओढलं आणि माझं संपवून तेही संपवलं. बाईंचं तोंड पुन्हा फुललं आणि त्या बदल्यात मला आणखी एक शेंगांची पोळी मिळाली. भज्जी इतकी झकास होती की रागातसुद्धा मी बोटं चाटली.

हात धुताना मी विचारलं, "मॅडम अजून आल्या नाहीत?"

"कोन मॅडम?"

"तुमच्या मंडळी. आमच्या शाळेतल्या."

त्या माणसानं वाढणाऱ्या बाईंकडं पाहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अवो, मंडळी तर मीच हाय. मी कशाची मॅडम, मी दुसरीतूनच शाळा सोडली!"

मला तिथल्या तिथं ज्वारीत लपावंसं वाटलं. तो माणूस मात्र मांडीवर थापा मारून हसत होता. "म्या बी म्हनलो, पाव्हणे वळकीचे दिसंनात. पर येळवशीला आलेल्याला, तू कोन म्हून इचारावं कसं? आन् मी तर सकाळपासून रस्त्यानं जाणाऱ्या समद्यायलाच म्हनायलोय, लय उशीर केलाव म्हून."

मॅडमचं शेत कॅनॉलच्या पलीकडं आहे, हे त्यांनीच सांगितलं. स्कूटीवर बसल्यावर आप्पा म्हणाले, "माणसं चांगली होती." मी कॅनॉलचा रस्ता धरला. स्कूटी चढावर माझ्यासारखीच धापा टाकत होती.

मॅडमच्या कोपीपाशी पोचलो. पोटात आता आंबिलीच्या घोटालाही जागा उरली नव्हती. मॅडम, त्यांचे मिस्टर आणि सासूबाई झाकलेल्या मडक्यांभोवती बसून होते. ताटं कोरडी होती. शेजारच्या शेतातले लोक जेवून लिंबाखाली आडवे झाले होते.

"आलाव एकदाचे!" मॅडम उठल्या. "तुमच्याबिगर कोनीच जेवलं न्हाई. सासूबाई म्हनल्या, काकाला बसवल्याशिवाय मी घास मोडनार न्हाई."

आप्पांनी तोंड उघडलं. ते खरं सांगून टाकणार हे मला दिसलं, कारण त्यांना खोटं येत नाही. मी डोळे वटारले. येळवशीला दहा शेतांत खाल्लं तरी कुणी काही म्हणत नाही, हे मला माहीत होतं. पण उपाशी थांबलेल्या म्हातारीला "आम्ही जेवून आलो" हे सांगायचं कुणाच्या तोंडानं? आम्ही ताटावर बसलो.

मॅडमनी वाढलं. वाढलं म्हणजे काय, ताटाचा काठ दिसेना. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, ठेचा, आणि सासूबाई स्वतःच्या हातानं आंबिलीचा तांब्या घेऊन उभ्या. मी एक घास तोंडात घातला आणि तो गालातच राहिला. दुसरा उचलला तर हात वर येईना. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. "आवडलं न्हाई का?"

"आवडलं ना, फार छान आहे," मी म्हणाले. मॅडम मडक्याकडं वळल्या. त्यांची पाठ वळली न वळली तोच माझ्या हातानं ताटातला उंडा उचलून आप्पांच्या ताटात सरकवला. मी ठरवून नाही केलं. हात आपसूक गेला. मागोमाग भाकरीचा चतकोर, त्यावर थोडी भज्जी.

आप्पा त्या उंड्याकडं बघत राहिले. मग माझ्या हाताकडं. ते आता काहीतरी भलतंच बोलणार आणि सगळं उघडं पडणार, या धास्तीनं मी मान खाली घातली.

"माझं ताट म्हंजे काय सरकीचं गोदाम हाय का?" आप्पा मोठ्यानं म्हणाले. लिंबाखाली आडवे झालेले लोकसुद्धा उठून बसले.

आणि त्यांनी उंडा मोडला, भज्जीत चांगला बुचकळला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मी खीर सरकवली, ती खाल्ली. भाकरी सरकवली, ती खाल्ली. नंतर मॅडमना हाक मारून म्हणाले, "भज्जी हाय का अजून?" सासूबाईंनी तांब्या ठेवला आणि स्वतः वाढायला बसल्या. "मानूस असा जेवला की करनारीला बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. मॅडमनी विचारलं तर म्हटलं, ठेचा लागला. ठेच्याला मी हातही लावला नव्हता.

येताना स्कूटीवर आप्पा म्हणाले, "त्या पैल्या शेतातली भज्जी जास्त चांगली दिसायली होती."

"मग खाल्ली का नाही?"

"तूच खाल्लीस की सगळी. मला कुठं ठिवलीस?"

आता मी रोज माझ्यासाठी एक चतकोर जास्तीचा घेते. जेवण निम्म्यावर आलं की पोट भरल्यासारखं करते आणि तो आप्पांच्या ताटात सरकवते. ते ओरडतात, शेजारच्यांना ऐकू जाईल असं, सरकीच्या गोदामाचं. मग खातात. आणि एखाद्या दिवशी मी विसरलेच, तर आपलं ताट तेवढं जरा माझ्याकडं सरकवून ठेवतात.