एक घर मागे

आमची आने दिस्कित, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, डोंगरावरच्या दुर्बिणीचा घुमट सांभाळते. खाली गावात ती याकांना ठेवणीतल्या शिव्या देते. वर गेली की फोनवर साखर. "होय मॅडमजी, झालं मॅडमजी." एका संध्याकाळी मात्र ती साखर संपली. ती हकीकत ती दोन्ही आवाज काढून सांगते.

मॅडमजी म्हणजे शैलजा हेगडे. दूर मैदानातल्या शहरात बसून त्या आमची दुर्बीण चालवतात. त्यांना फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचं चित्र हवं होतं. स्फोट होऊन हजारो वर्षं झाली, पण त्याचा झटका अजून पसरतोय. तो नुकताच जिथं पोचलाय, तिथला तापलेला वायू ऑक्सिजनच्या प्रकाशात केसासारख्या रेघेनं उजळतो. हायड्रोजनचं चित्र झालं होतं, ऑक्सिजनचं राहिलं होतं. अवशेष पश्चिमेच्या कड्याकडे उतरत होता, आणि उद्यापासून दुर्बीण दुसऱ्यांची.

त्यातच कॅमेऱ्यापुढच्या चाकाची मोटर थंडीनं अडकली. त्या चाकाच्या एकेका घरात एकेका प्रकाशाची गाळणी असते. इंजिनियर म्हणाला, घुमट बंद करा. आने म्हणाली, मी हातानं फिरवते.

"बघा हं दिस्कित," मॅडमनी बजावलं, "एक घर मागे."

आनेनं अंधारात चाचपून चाक फिरवलं. खट्ट. चित्र निघालं, आणि मॅडमच्या पडद्यावर रेघेऐवजी गाठीच गाठी.

"हे गंधकाचं आलं. कुठल्या बाजूला फिरवलंत?"

"सरळ बाजूला, मॅडमजी."

"सरळ म्हणजे?"

प्रार्थनाचक्र उजवं, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीची फेरी उजवी. उलटं फिरवणं आमच्यात पाप; मागे म्हटलं तरी हात आपला उजवाच गेला होता. आता ऑक्सिजन दोन घरं मागे. ती म्हणाली, पूर्ण फेरी घालून आणते.

"तेवढ्यात अवशेष कड्याआड जाईल. उलटं फिरवा."

"चाक तुम्हाला फिरवायचं नाहीये."

"पाप माझ्या नावावर टाका, दिस्कित. पण फिरवा."

आनेनं हातमोजे काढले. वंगण दगड झालेलं. चाकाची कड ऊब द्यायला उघड्या तळव्यांत धरून ठेवली, कातडं चिकटलं, तरी सोडली नाही. मग डावीकडे जोर लावला. खट्ट. पुन्हा जोर. खट्ट.

कॅमेरा उघडला. घुमटाच्या फटीतून कड्याची काळी धार वर चढताना तिला दिसत होती. थांबवू का, असं तिनं दोनदा विचारलं; मॅडम नको म्हणाल्या. मग आकाशाचा तो तुकडा धारेमागे जायला लागला आणि कॅमेरा मिटला.

चित्र मॅडमच्या पडद्यावर उतरलं.

"रेघ आली," मॅडम हळूच म्हणाल्या. "खालचा भाग डोंगरानं खाल्ला."

"पुरेल?"

"पुरवते."

आनेनं घुमट मिटायला घेतला.