हिरव्या ठिपक्याची आयव्ही

आयव्ही ओल्ड्रॉइडने आम्हाला चार वर्षं चहा पाजला आणि त्या चार वर्षांत आमच्यातल्या एकानेही तिला विचारलं नाही, की बाई, तुम्ही तरुणपणी काय करत होतात? लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

आम्ही म्हणजे थॉर्नली ब्रिज गावातले अँप्लिफायरवेडे. दर शनिवारी सकाळी दहाला चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये जमतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे, दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे, उचलताना कंबर धरेल असे जड अँप्लिफायर टेबलावर उलटे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात डोकं घालून बसायचं, हा आमचा उद्योग. गाणं ऐकतो ते शेवटच्या पंधरा मिनिटांत, तेही जमलं तर. माझी बायको म्हणते, "क्लाइव्ह, तुम्हा लोकांना गाणं आवडत नाही, गाण्याचं भांडं आवडतं." मी एकतीस वर्षं बस चालवली, वाद कधी घालू नये ते मला कळतं.

आमचं दैवत म्हणजे रॅल्फ पार्जेटर. त्याचा कारखाना आमच्याच गावात कालव्याच्या काठी होता. आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. पार्जेटरच्या अँप्लिफायरसाठी जपानहून पत्रं येतात. त्यातही ज्यांच्या आत प्रत्येक जोडावर हिरवा ठिपका असतो, त्यांची गोष्टच वेगळी. स्पीकरमध्ये जरा म्हणून घुंई नाही, सगळे जोड एकसारखे, आणि खुंटीभोवती प्रत्येक तारेचा वेढा उलटा, घड्याळाच्या काट्याविरुद्ध. आमचे अध्यक्ष डेस्मंड लिस्टर यांचं मत असं की हिरव्या ठिपक्याचे अँप्लिफायर पार्जेटरने स्वतः बसून जोडले. उलट्या वेढ्याने आवाज स्वच्छ येतो, असं त्यांनी चार पानी पत्रकात छापलं होतं. डेस्मंड जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे छापलेलं आम्ही खरं मानायचो. नवा सभासद आला की त्याला दोन शनिवार नुसता उलटा वेढा घोटायला लावायचे. मीही घोटलाय. उजव्या हाताने उलटा वेढा घालणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं.

आयव्हीबाई हॉलच्या स्वयंपाकघरात असायच्या. वय ब्याऐंशी, बुटक्या, तोंडाने फटकळ. खिडकीतून चहा आणि आल्याचा केक द्यायच्या, कप परत घ्यायच्या. आमच्या बडबडीकडे त्यांचं लक्ष नसे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी डेस्मंड उभे राहिले. गावच्या संग्रहालयात पार्जेटरच्या अँप्लिफायरचं कपाट मांडायचं ठरलं होतं. खाली लावायच्या पितळी पाटीचा मजकूर डेस्मंडने लिहिला होता आणि तो मार्चअखेर कोरायला जाणार होता. त्यांनी मोठ्याने वाचलं, "हिरव्या ठिपक्याचे हे अँप्लिफायर खुद्द रॅल्फ पार्जेटर यांनी स्वहस्ते जोडले."

खिडकीत कप आपटल्याचा आवाज आला.

"कोणी जोडले?" आयव्हीबाई पुसणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "रॅल्फने? अरे, त्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती! कागदावर आखायचा झकास, नाही म्हणत नाही. पण सोल्डरची तापलेली कांडी हातात दिली की अख्खी खोली टेबलाखाली लपायची."

कुणीतरी हसलं. डेस्मंड हसले नाहीत. "मिसेस ओल्ड्रॉइड, मग हिरवा ठिपका कुणाचा?"

"माझा. ते माझं नेलपॉलिश आहे."

माझ्या शेजारच्याने हातातली कांडी खाली ठेवली.

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. कारखान्यात जोडणीच्या बाकावर सहा पोरी. जोड सोल्डर करायचा, हलवून बघायचा, पक्का असला की वर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुणाचा कान धरायचा ते कळावं. कंपनी रंग देत नव्हती, म्हणून ज्या त्या पोरीने आपापलं नेलपॉलिश आणलेलं. "मी पंधरा वर्षांची, सगळ्यात धाकटी. लाल, गुलाबी, अंजिरी सगळे मोठ्या पोरींनी आधीच पटकावलेले. दुकानात नाटकवाल्यांसाठी ठेवलेली एक हिरवी बाटली उरली होती. ती माझ्या गळ्यात पडली."

"आणि उलटा वेढा?" मी विचारलं.

त्यांनी पुसणं डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं आणि डावा हात वर केला. "मी डावरी आहे, बाळा."

मला माझे दोन शनिवार आठवले.

डेस्मंडचा चेहरा पांढरा पडला होता. "पुरावा काय?"

"तुझ्याकडेच आहे ना. तो तुझा लाडका अँप्लिफायर घरी ठेवलायस, त्याची मधली लांब पट्टी उचल. पट्टी बसली की खालचे जोड तपासनिसाला दिसायचे नाहीत. म्हणून पट्टी बसवण्याआधी, मी खालचं सगळं बघितलं, अशी खूण म्हणून रंगात अंगठा बुडवून पत्र्यावर टेकवायचा. हा अंगठा." त्यांनी डावा अंगठा दाखवला. त्यावर आडवा पांढरा व्रण होता. "पहिल्याच आठवड्यात तापलेली कांडी चुकीच्या टोकाने धरली. ही रेघ तिथे उमटलेली असणार."

इथे घोडं अडलं. आमच्यात 'कोरा' म्हणजे सगळ्यात मानाचा शब्द. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून ज्याच्या एकाही जोडाला परक्या कांडीचा चटका लागलेला नाही, तो कोरा. हिरव्या ठिपक्याचे आणखी दोन अँप्लिफायर आमच्या ओळखीत होते, पण त्यांच्या आतल्या पट्ट्या आणि पत्रा मागेच कुणीतरी घासूनपुसून बदलला होता. कोरा एकच, डेस्मंडचा. पट्टी उचलायची तर अकरा जोड सोडवावे लागणार, आणि एक जोड सुटला तरी कोरेपण गेलं. ते परत येत नाही.

"ते शक्य नाही," डेस्मंड म्हणाले. "एकतीस वर्षं मी त्याला कांडी लागू दिलेली नाही. हवं तर मजकुरात 'कदाचित' घालतो. 'कदाचित कामगार मुलींपैकी एकीने जोडले असावेत.'"

"कदाचित?" आयव्हीबाई एवढ्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "तिथे बारा वर्षं माझे डोळे गेले, आणि मी कदाचित? ठेव तुझा कोरा उराशी. मला एक रिकामा सांगाडा द्या कुणीतरी. इथे, तुमच्यासमोर जोडून दाखवते. मार्चअखेर ना? होईल."

माझ्याकडे पार्जेटरचा एक रिकामा सांगाडा होता, ट्रान्सफॉर्मरसकट, कोपऱ्यात धूळ खात. पुढच्या शनिवारी मी तो आणून टेबलावर ठेवला. डेस्मंडने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पक्ष बदलला. बदललाच होता.

पहिल्या दिवशी सांगाड्याला हात न लावता आयव्हीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आमचे सगळे कप धुवायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या हो ते आज, मी धुतो."

"खबरदार! संधिवात आहे मला. दहा मिनिटं कढत पाण्यात हात घातल्याशिवाय बोटं उघडत नाहीत. चार वर्षं काय तुमच्या प्रेमापोटी भांडी घासते होय?"

मग दर शनिवारी तोच क्रम झाला. आधी कप, मग काम. मनगट थरथरायचं, म्हणून त्या ते दोऱ्याच्या रिळावर टेकवायच्या. डाव्या हाताने तार घ्यायची, एक उलटा वेढा, चिमट्याने दाब, कांडी, सोल्डर, फुंकर नाही. फुंकर मारणाऱ्याला त्या रागवायच्या. मग जोड हलवून बघायचा आणि हिरवा ठिपका. बाटली नातीकडून आणलेली. हल्लीच्या पोरी हिरवं सर्रास लावतात, याचं त्यांना मोठं नवल वाटे. पहिल्या शनिवारी नऊ जोड झाले. एकूण दोनशेच्या वर होते. मी मनात हिशेब मांडला, मार्चअखेर काही जमेना.

चौथ्या शनिवारी कांडी हातातून सुटली आणि त्यांच्या मनगटाला चटका बसला. डेस्मंड पुढे झाले. माणूस वाईट नव्हे, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मिसेस ओल्ड्रॉइड, पुरे करा आता. उरलेले जोड आम्ही करतो, तुम्ही नुसतं सांगा."

"तू केलास तर त्यावर ठिपका कुणाचा द्यायचा?" त्यांनी मनगट नळाखाली धरलं. "दुसरीच्या जोडावर आपला रंग दिला म्हणून नोरीन बूथला तीन दिवस घरी बसवलं होतं. आणि तुमचं ते पत्रक वाचलंय मी. तिसरं पान म्हणजे नुसत्या थापा आहेत."

त्यानंतर त्या बुधवारीही यायला लागल्या. बोटं आता सरावली होती, एका बैठकीत वीस-पंचवीस जोड व्हायचे. हॉलची किल्ली त्यांच्याकडेच होती. मी सोबत म्हणून जायचो. दुसऱ्या बुधवारी बघतो तर डेस्मंड आधीच येऊन बसलेले. म्हणाले, सहज आलो. डोळ्याला भिंग लावून ते आयव्हीबाईंचा हात बघत होते. घरी रोज ज्या हाताचे वेढे उघडून बघायचे, तोच हात समोर चालताना दिसत असेल तर माणूस किती वेळ खोटं बोलेल स्वतःशी?

मार्चच्या शेवटच्या शनिवारी अकरा वाजता शेवटचा ठिपका पडला. बावीसच्या बावीस सभासद हजर होते. माझा सांगाडा म्हणून मान माझा, असं समजून मी बटणाकडे हात नेला.

"हात मागे घे, गाढवा!" आयव्हीबाई ओरडल्या. "स्पीकर कुठे जोडलेत? मोकळा चालू केलास तर ट्रान्सफॉर्मर जाळशील. आणि म्हणे शौकीन!"

हे आम्ही नव्या सभासदाला पहिल्या दिवशी शिकवतो. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. स्पीकर जोडले, वीज हळूहळू वाढवत नेली, व्हॉल्व्ह नारिंगी झाले. आम्ही स्पीकरला कान लावून घुंई ऐकायला बसलो, तर काहीच नाही. चालू आहे की नाही अशी शंका यावी इतकं काहीच नाही. मग कुणीतरी तबकडी लावली आणि ब्रास बँडचं पहिलं बिगुल असं वाजलं की मागच्या रांगेतला ढेरपोट्या केल्व्हिन सरळ रडायला लागला.

आयव्हीबाई मात्र डेस्मंडकडे बघत होत्या. ते उठून बाहेर गेले होते.

ते परत आले ते आपला कोरा छातीशी धरून. म्हणजे त्यांनी तो सकाळीच गाडीत आणून ठेवला होता. टेबलावर उलटा ठेवला, खालचं झाकण काढलं आणि सोल्डरची कांडी आयव्हीबाईंसमोर धरली.

"तुम्हीच सोडवा," ते म्हणाले. "जोड तुमचे आहेत."

"नक्की? मागाहून रडायचं नाही."

"सोडवा हो."

चौसष्ट वर्षांपूर्वी स्वतःच घातलेले अकरा वेढे त्यांनी एकेक करून सोडवले, चार स्क्रू काढले आणि पट्टी उचलली. खाली पत्र्यावर हिरवा अंगठा होता. एवढासा, पोरीचा. मधून आडवी कोरी रेघ गेलेली. त्यांनी आपला अंगठा त्यावर धरला. आताचा अंगठा सुजून दुप्पट झाला होता, पण रेघेवर रेघ बरोबर बसली.

"बाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "केवढीशी होते मी."

डेस्मंडने खिशातून पाटीचा मजकूर काढून फाडला. "काय लिहायचं ते सांगा. तुमचं नाव..."

"सहा जणींची नावं. माझं शेवटी, मी धाकटी. मेव्हिस क्रॅबट्री लाल, एनिड शॉ गुलाबी, नोरीन बूथ अंजिरी, पर्ल आणि विनी हॅग दोघी बहिणी, शेंदरी नि रुपेरी. पाच जणी आता नाहीत, त्यांना कोण विचारणार? लिही. रंगासकट." पाटी तशीच कोरली गेली. संग्रहालयात कपाटाखाली आहे.

डेस्मंड पट्टी परत बसवायला हात लावणार, तेवढ्यात आयव्हीबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि नेलपॉलिशची बाटली उघडली.

"थांब. खालचं बघितलंस ना?"

"बघितलं."

"कदाचित?"

"नाही," डेस्मंड म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी."

"मग टेकव. ज्याने बघितलं त्याने अंगठा द्यायचा, नियम आहे."

रसायनशास्त्राच्या लिस्टर सरांनी हिरव्या रंगात अंगठा बुडवला आणि त्या इवल्याशा अंगठ्याशेजारी टेकवला. तो वाळल्यावर आयव्हीबाईंनी पट्टी बसवली, चारही स्क्रू पिळले आणि अकराही जोड पुन्हा केले, उलट्या वेढ्याचे.

त्या दिवशी कप डेस्मंडने धुतले. रंग निघू नये म्हणून उजवा अंगठा पाण्याबाहेर उभा धरून, एका हाताने, बावीसच्या बावीस.