ठिपक्यांची रेघ

प्राध्यापक विरूपाक्ष धनशेट्टी नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि दगड चाटायचे. पहिल्या गोष्टीमुळे त्यांना पगार मिळे, दुसरीमुळे नाव. ‘ते दगड चाटणारे सर’ एवढं म्हटलं की कुठलाही रिक्षावाला पत्ता न विचारता घरासमोर आणून सोडायचा. ही सवय त्यांना कशी लागली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. तिला कारण बाहत्तरचा दुष्काळ आणि बोरमाळ गावची गंगम्मा.

सर मूळचे उदगीरचे. वडील गुरुपादप्पा यांचं बाजारात किराणा दुकान. पोरगं शिकून गादीवर बसेल असा त्यांचा हिशेब, तर पोरगं हैदराबादला जाऊन पिशवीभर दगड घेऊन परत आलं. गुरुपादप्पांनी एकेक दगड हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला, चक्क वासही घेऊन पाहिला आणि विचारलं, “इकतो का ह्यो?” नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय बंद केला तो कायमचा.

आता आपल्याकडे, म्हणजे लातूर, उदगीर, नांदेड कुठंही खणा, लागतो तो काळा पत्थर, थिजलेला लाव्हा. सरांना त्यात काडीचा रस नव्हता. “ती नुसती पांघरलेली गोधडी आहे,” ते वर्गात सांगायचे, “झोपलेला माणूस खाली आहे.” बिलोली-धर्माबादच्या बाजूला ही गोधडी सरकलेली आहे आणि खालचा फार जुना दगड उघडा पडला आहे. हा दगड कधीकाळी जमिनीखाली वीस-पंचवीस किलोमीटर गाडला गेला, तिथल्या आचेनं आणि दाबानं अंतर्बाह्य बदलला आणि कोट्यवधी वर्षांनी वर आला. त्याला इतक्या खोल ढकललं कोणी? सरांचं म्हणणं असं की इथं दोन भूखंड एकमेकांवर आदळले, त्या रेट्यात तो खाली गेला आणि त्या टकरीची रेघ बोरमाळच्या शिवारातून जाते.

पुरावा म्हणून त्यांना हवा होता एक काळसर दगड, ज्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे गार्नेटचे तांबडे मणी असतात. ओढ्यात त्याचे सुटे तुकडे मिळायचे. पण सुट्या दगडाची साक्ष चालत नाही, तो कुठून वाहत आला कोण सांगणार? आपल्या जागेवर बसलेला दगड हवा, म्हणजे होकायंत्र लावून तो कुठल्या बाजूनं दाबला गेला ते मोजता येतं. तो काही सापडेना. म्हणून सरांच्या नकाशावर ती रेघ पेन्सिलीनं, ठिपक्याठिपक्यांनी काढलेली होती. त्यांच्या शास्त्रात ठिपक्यांची रेघ म्हणजे ‘बहुतेक’.

दर रविवारी सर आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई चांदपाशा बिलोलीची एसटी धरायचे. दुष्काळ पडला तरी त्यांचा नेम चुकला नाही, आणि घोटाळा झाला तो तिथंच. दुष्काळात हातोडा घेऊन माळावर फिरणारा, वाकून वाकून जमीन बघणारा माणूस कोण असणार? पाणाड्याच! गावोगाव माणसं सरांच्या मागं लागायची, “सायेब, आमच्या मळ्यात बी या की!” सर समजावून सांगायचे की मी पाण्याचा नव्हे, खोल गेलेल्या दगडाचा अभ्यास करतो. माणसं सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि विचारायची, “मंग पानी किती खोल हाय?”

एका रविवारी बोरमाळच्या ओढ्यात सरांनी एक तुकडा उचलला. धुळीनं माखलेल्या दगडात काही दिसत नाही, ओला केला की रंग उमटतात. त्यांनी सवयीनं बाटली उघडली आणि धार धरली. काठावर रिकामी घागर घेऊन गंगम्मा उभी होती, तिचं तोंड सुटलं.

“मास्तर, आमी म्हादेवाची आंघोळ बंद करून राहिलो! पिंडीवर घालाया चमचाभर पानी न्हाई, आन तुमी दगड न्हाऊ घालता व्हय?”

सरांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं. रोज सकाळी त्यावर पाणी घातल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. त्यांना इतकी लाज वाटली की बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी तिच्या घागरीत ओतलं, आणि त्या दिवसापासून दगड ओला करायला जीभ वापरायला सुरुवात केली. चांदपाशा गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, “सर, नमक बराबर हाय ना?”

पुढं गावचे पाटील संगप्पा हात जोडून आले. दुष्काळी कामातून बोरमाळला एक विहीर मंजूर झाली होती. एकच. ती कोरडी गेली तर काम दुसऱ्या गावाला जाणार. जागा कुठली धरायची? सर म्हणाले, हा माझा विषय नाही. म्हणाले खरं, पण घरी आल्यावर नकाशा पसरून मोठ्यानं विचार करत बसले. कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की त्यांची रेघ खरी असेल तर त्या रेघेवरचा दगड चुरगळलेला असणार, आणि या कठीण मुलखात पाणी असलंच तर अशा चुरगळलेल्या पट्ट्यातच असणार. पण रेघ ठिपक्यांची होती! कागदावर चुकली तर खोडरबर असतो. बोरमाळला चुकली तर माणसांनी काय प्यायचं?

त्यांच्या पत्नी महानंदा भाकरी थापत हे सगळं ऐकत होत्या. “सहा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “एक रविवार तुमी घरी न्हाई. लेकरं तापानं फणफणली तरी तुमी त्या रेघेमागं हिंडून राहिलात. आन आता म्हणता, रेघेवर माझाच भरवसा न्हाई?”

पुढच्या रविवारी सरांनी बोरमाळच्या ओढ्याकाठी जाऊन जमिनीत खुंटी ठोकली.

खोदाई सुरू झाली. मुरूम गेला, दगड लागला, सुरुंग उडू लागले. पाणी नाही. रविवारमागून रविवार गेले. गावानं सरांना एक वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. संगप्पांच्या ओसरीवरचा गुळाचा चहा तसाच ठेवून ते विहिरीकडं जात. शेवटी कामावरच्या सरकारी ओव्हरसियरनं सांगून टाकलं, आता सुरुंगांचा एकच फेरा, नाहीतर काम बंद.

त्या दिवशी खालून आलेल्या पाटीत सरांना काळसर दगड दिसला. चाटून पाहिला. आत तांबडे मणी! ते दोर धरून तसेच खाली उतरले. विहिरीच्या तळाशी, आपल्या जागेवर, कोणी न हलवलेला, गार्नेटनं भरलेला काळा पट्टा तिरका उतरत गेला होता, आणि त्याच्या कडेला चुरगळलेल्या दगडाची पांढुरकी शीर. सरांनी त्याच्यावर हात फिरवला आणि एवढ्या मोठ्यानं आरोळी ठोकली की विहीर घुमली.

वर एकच धावपळ उडाली. बाया घागरी घेऊन पळत आल्या, म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. सर दोरानं वर आले ते हसत, धुळीनं माखलेले.

“लागलं का पानी?” गंगम्मानं विचारलं.

“नाही,” सर म्हणाले, “पण दगड सापडला!”

एका पोरीनं डोक्यावरची घागर सावकाश खाली ठेवली. सरांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

ओव्हरसियरनं विचारलं, शेवटचे सुरुंग कुठं लावायचे? सरांना एकदम आठवलं, पट्ट्याला होकायंत्र लावायचं राहूनच गेलं होतं. आनंदाच्या भरात ते तसेच उतरले होते, यंत्र चांदपाशाच्या पिशवीत. आणि छिद्रं पाडणारे गडी खाली निघालेसुद्धा, काम उन्हं कलायच्या आत आटपायचं होतं. थांबा म्हटलं असतं तर थांबले असते. पण त्या चेहऱ्यांसमोर ‘जरा थांबा, माझ्या दगडाचं माप घ्यायचंय’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

“त्या काळ्या पट्ट्यातच लावा,” सर म्हणाले. “पांढऱ्या शिरेला लागून.”

“सर, वो तुमचा दगड हाय ना?” चांदपाशा कुजबुजला.

“आता त्यांचा आहे,” सर म्हणाले.

सुरुंग उडाले. धूर निवळल्यावर आधी नुसता बुडबुड आवाज आला, मग शिरेतून गढूळ धार सुटली. सूर्य मावळायच्या आत विहिरीत पुरुषभर पाणी चढलं. गाव नाचत होतं, आणि सर एका बाजूला बसून मुलासारखे रडत होते. आनंदानं की दुःखानं, ते त्यांनी पुढं महानंदाबाईंनाही सांगितलं नाही.

सरांचा निबंध छापून आला, रेघ ठिपक्यांचीच राहिली. खाली तळटीप, ‘सदर दगड सध्या पाण्याखाली आहे.’ तो वाचून तज्ज्ञांनी कळवलं की पाणी उपसून माप घ्यावं. सरांनी त्यांना उत्तरच दिलं नाही.

पुढं ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात नवी कचेरी, नव्या पाट्या, आणि सरांनाही लातूरच्या कॉलेजातून बोलावणं आलं. ते आपल्या मुलखात परत निघाले, म्हणजे पुन्हा गोधडीवर. जाण्याआधी चांदपाशाला घेऊन ते शेवटचं बोरमाळला गेले.

विहीर आता बांधून काढलेली होती. काठाला दगड कुठला बसवलाय ते पाहून सर थबकले. तोच! सुरुंगानं उडालेले काळे तुकडे गवंड्यानं ओळीनं बसवले होते, पण वर्षानुवर्षांच्या धुळीनं त्यांचे मणी मिटून गेले होते. सर वाकले, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच जीभ बाहेर काढली.

“मास्तर!” मागून ओळखीचा आवाज आला. गंगम्मा पार वाकली होती, पण तोंड तेच होतं. “आजून चाटूनच राहिलात व्हय?”

तिनं रहाटाला हात घातला. चांदपाशा मदतीला धावला तर त्याला तिनं बाजूला सारलं. भरलेली बादली ओढून तिनं काठावर टेकवली, आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी त्या दगडांवर ओतलं. काळ्या दगडात तांबडे मणी एकदम उजळले.

“घाला,” ती म्हणाली, “हवी तेवढी आंघोळ घाला.” आणि तिनं बादली पुन्हा विहिरीत सोडली.