बंदीचं पान

आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि चारचौघांत तिच्या वतीने बोलतो तिचा भाऊ. माझी आई ओडिलिया त्यामुळे बैठकीत कधी बोलली नाही. खाणवाल्यांनी पहिल्यांदा जमीन मागितली तेव्हा बोनिफासमामाने सही केली, ती पाहुण्याला दोन पिकांपुरता मळा द्यावा, तशी. आमच्या बुगनव्हिल बेटावर जमीन अशीच देतात. पाहुणा पीक काढून निघून जातो. हे पाहुणे डोंगर पोखरत राहिले. नदी राखाडी झाली, मासे गेले.

आता त्यांना गाळ टाकायला आमचा उरलेला उतार हवा होता. तिथे आईचा मळा होता आणि आजीची कबर.

माझा भाऊ लिओनार्ड आणि त्याचे मित्र खाणीचे विजेचे खांब उडवायचं बोलत होते. आई त्याला म्हणाली, "आधी मी बंदी घालते. त्यांनी ती पाळली तर तू घरी राहायचंस."

"पाळली तर राहीन."

तिने वाटेत काठी रोवून तिला रानातलं एक लांब पान गाठ मारून बांधलं. असं पान दिसलं की आमचा माणूस पुढे जात नाही. गेलाच, तर डुक्कर देऊन समेट करतो.

खाणीचे मोजणीवाले आले, काठी उपटून फेकली आणि लाल खुंट्या ठोकल्या.

मामा डुक्कर मागायला त्यांच्या कचेरीत गेला. परत आला तो सुपारी चघळत.

"काय म्हणाले, दादा?" आईने विचारलं.

"म्हणाले, बाबा, झाडाची भरपाई मिळते. पानाची नाही."

लिओनार्ड हसला. "मग झाड लावून या की मामा. जोडीला एक सहीही करा."

"तोंड सांभाळ. मी बोलतो परत त्यांच्याशी."

"तुम्ही बोललात म्हणून तर डोंगर गेला."



"लिओ, मामाशी असं बोलू नये," आई म्हणाली. पण त्याने कोयता उचलला, तेव्हा तिने त्याला अडवलं नाही. तो रानाच्या वाटेने चढून गेला.

सकाळी आई मळ्यात खणायला बसली. रताळी अजून बोटाएवढीच होती. मी म्हटलं, "आई, महिनाभर तरी थांबू या."

"ही काही आपल्याला नाहीत," ती म्हणाली. "वर रानात पोरं काय खातील?"

मामाही येऊन शेजारी बसला आणि माती झटकून टोपली भरू लागला.