नावेतली ओटी

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्यानं, एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलायचं नाही. त्या साली त्यांनी मनात घेतलं ते माझं नावेतलं डोहाळजेवण. सातव्या महिन्यात कुणी झोपाळ्यावर करतं, कुणी बागेत, कुणी चांदण्यात. आमच्या मुरबाडकडं कसली बाग आणि कसला झोपाळा? पाटावर बसवायचं, ओटी भरायची, झालं. पण आत्याबाईंच्या नवऱ्याचा स्वतःचा मचवा होता, चांगला शिडाचा. मुरबाडचा तांदूळ गाड्यांनी कल्याणच्या बंदरात उतरायचा आणि तिथून त्याच्या मचव्यात चढायचा. त्यातूनच ती सोयरीक जुळलेली. तेव्हापासून आत्याबाई समुद्राच्या, आणि आम्ही डोंगराचे ते डोंगराचेच.

माघात त्या स्वतः आम्हाला न्यायला आल्या. ओट्यावर बसल्या बसल्या हुकूम सोडला, "एक दिवस, एक रात्र मचव्यावर. तुमी निसतं यायचं. जेवण आमचं, चहा आमचा, गोधड्या आमच्या, ओटीचं सामान आमचं. घरून भाकरीचा तुकडा आणलात तर पाण्यात फेकीन."

मला हौस होती का? मला विचारलं कुणी! माझी दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं सातव्यातच झालं, मेलेलंच. दुसरं तर सातव्यापर्यंत पोचलंच नाही. हे तिसरं. नवरा बोलायचा नाही, पण शेजारणी बोलायच्या, आणि मला ऐकू जाईल असंच बोलायच्या. वाशिंदकडची एक मुलगी सुचवली होती म्हणे कुणीतरी. सासूबाई त्यावर हो म्हणाल्या नव्हत्या, नाही पण म्हणाल्या नव्हत्या. त्यांचं ते गप्प राहणं मला रात्री झोपू द्यायचं नाही. पोटात पोर हललं की मी तेवढ्यापुरती सुटायचे, आणि थांबलं की परत धास्ती.

आणि एक नारळाची गोष्ट होती. आमच्या घरात रीत अशी की सातव्यात ओटी भरली की त्यातला नारळ सासूनं संध्याकाळी काळू नदीत सोडायचा. हळदकुंकू लावून, लाल दोरा गुंडाळून. सोडल्यापासून तोंडातून शब्द काढायचा नाही. नारळ वळणापलीकडं दिसेनासा झाला म्हणजे नदीनं घेतला, पोर सुखरूप. पहिल्या खेपेला तो वळणावरच्या करंजाच्या मुळांत अडकला. सासूबाईंनी काठीनं ढोसला, तरी सुटेना. आठवडा झाला नाही तोच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मी डोळखांबच्या वरच्या पाड्यातली, माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. पण एकदा असं झाल्यावर माहेरचं काय आणि सासरचं काय, भीती बसायची ती बसलीच.

तर आम्ही तिघी निघालो. गाडीनं मुरबाड, एस्टीनं कल्याण, पुढं आगगाडीनं मुंबई, आणि तिथून भाऊच्या धक्क्यावर. सासूबाईंनी वाटभर माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, मी पळून जाईन अशी भीती आहे की काय यांना! धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या आणि समोर ते पाणी. पलीकडचा काठ कुठं असतो ते मी शोधत राहिले. नदीला दोन काठ असतात. याला एकच, आणि त्याच्यावरूनच मला उतरायला सांगत होते. मचवा वर जायचा, खाली यायचा. मामंजींनी, आत्याबाईंच्या नवऱ्यानं, हात पुढं केला आणि म्हणाले, "वर आला की पाय टाक गो, खाली जाताना नको." टाकला कसातरी. आत जाऊन बसले आणि तेव्हाच लक्षात आलं, सकाळपासून पोर हललेलं नाही.

आत्याबाईंनी हौसेत काही कमी ठेवलं नव्हतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. डोलकाठीला केळीचे खुंट बांधलेले, झेंडूच्या माळा, मला बसायला गादी. वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळे फुलांचे. पुरणपोळ्या, भजी, खीर, तांदळाच्या बोरांचा डबा, आणि चहा तर मागायच्या आधी. "खा गो, खा, दोघांचं खायचं हाय तुला!" मी प्रत्येक घासाला पोटावर हात ठेवत होते. गोड खाल्लं की पोर हलतं म्हणतात. खीर खाल्ली, वाट बघितली. काही नाही. सासूबाईंनी चोरून आणलेली भाकरीची पुरचुंडी आत्याबाईंना सापडली आणि त्या दोघींत जी काय जुंपली! मामंजी हसून हसून डोळे पुसत होते. मी पण हसल्यासारखं केलं.

आम्ही घारापुरीच्या बेटाकडं निघालो होतो. दोन डोंगरांचं ते बेट, गर्द झाडी, तीही थेट पाण्यात उतरलेली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी डोळे भरून बघितलं असतं. बेटाच्या आडोशाला मामंजींनी नांगर टाकला. ऊन उतरलं तेव्हा माझी ओटी भरली. मला सासूबाईंना सांगायचं होतं, आई, पोर हलत नाही हो. पण त्या ओटी भरताना इतक्या जपून एकेक तांदूळ वेचून घालत होत्या की माझी जीभच उचलेना. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचीच जास्त भीती होती. सांगितलं की संपलं, वाशिंदची ती मुलगी घरात आली, असं मला वाटायचं.

आत्याबाई भांडी आवरत होत्या, मामंजी पुढं शीड गुंडाळत होते. सासूबाई मागच्या बाजूला गेल्या, पदराआडून लाल दोऱ्याचा नारळ काढला आणि वाकून पाण्यात सोडला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. शब्द काढायचा नसतो ना! नारळ जरा डुचमळला आणि चालायला लागला. बेटाच्या टोकाकडं, मोकळ्या पाण्याकडं. छान चालला होता. टोकापाशी गेला तोवर अंधारलं आणि दिसेनासा झाला. सासूबाईंनी देवाला हात जोडले, मोठ्यानं "हुश्श" केलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदा.

जेवणं झाली. पलीकडं मुंबईचे दिवे लागले होते. आत्याबाई एकेक दिवा दाखवून काय काय सांगत होत्या. मी कंदिलाजवळ कडेला टेकून बसले होते, तेवढ्यात फळीवर बाहेरून काहीतरी आपटलं. टक. जरा वेळानं परत, टक. मामंजी म्हणाले, "लाकूड असंल." सासूबाईंनी कंदील उचलला आणि वाकून बघितलं. मी पण बघितलं.

लाल दोरा. आमचाच नारळ. मचव्याला येऊन भिडला होता.

मामंजींनी सासूबाईंच्या हातातून कंदील काढून घेतला. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली असावी, कारण आत्याबाईंनी मला घट्ट धरलं. अगं बाई गं, करंजात अडकला तेव्हा निदान तिथंच राहिला होता. हा तर उलटा आला! सासूबाईंनी मचव्याच्या काठावर पोट टेकून, हात लांब करून तो नारळ वर काढला, पदरात घेतला आणि तिथंच मटकन बसल्या. "नाय घेतला," एवढंच म्हणाल्या. "नाय घेतला त्यानं."

मामंजींना आधी काय झालं तेच कळेना. आत्याबाईंनी सांगितलं, कारण माहेरची रीत त्यांना ठाऊक होती. तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, "वहिनी, तुमी ओहोटीच्या शेवटाला टाकलात. मग भरती लागली. भरतीत ते परत येनारच. इथं दिवसातून दोनदा पानी जातं आनि दोनदा येतं. पहाटे परत ओहोटी जोरात असंल, तवा सोडा."

"पानी उलटं येतं?" सासूबाई फणकारल्या. "पानी म्हंजे काय बैल हाय, येसन ओढली की मागं फिराया? भावोजी, मला येडी समजू नका. जन्म गेला माझा नदीवर."

"अवो, ही नदी नाय!" आत्याबाई ओरडल्या. "वहिनी, मी इतकी वरसं काय झक मारली इथं?"

पण सासूबाईंना ते पटेना, आणि मलाही. आज कुणी हसेल. हसा खुशाल. आम्ही ज्या पाण्याकाठी वाढलो ते पाणी वरून येतं आणि खाली जातं. गेलेलं परत आलं असं कुणाच्या बापानं बघितलं नव्हतं. मामंजी समजूत घालतायत, पोटुशीला धीर देतायत, असंच मी धरून चालले. गोधडीत पडले आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. हल रे बाबा. एकदा हल. कूस बदलली, गुडघे जवळ घेतले, श्वास धरून पाहिला. काही नाही. खालून पाणी फळ्यांना लागून वाजत होतं. मला वाटत होतं, माझं पोर त्या पाण्यानं केव्हाच काढून घेतलंय आणि मी नुसती ओझं घेऊन पडलेय. सासूबाई माझ्या पायथ्याशी बसून होत्या, पदरात नारळ तसाच. एकदा म्हणाल्या, "झोप." मला तो आवाज कोरडा वाटला.

डोळा लागला असावा. थंडीनं जाग आली तेव्हा पहाट होत होती आणि पायथ्याशी कुणी नव्हतं. मी उठून बसले. मचव्याच्या त्या टोकाला नाहीत, या टोकाला नाहीत. मामंजी पण नाहीत. मागं बांधलेलं लहान होडकंसुद्धा नाही. "आत्याबाई!" मी ओरडले, "आई कुठंय?" आत्याबाई धडपडत उठल्या. धुकं होतं, बेटही नीट दिसत नव्हतं. माझी सासू काळू नदीत घोट्याच्या वर कधी गेली नाही. धुणं असो, पाणी असो, मला पुढं करायची आणि स्वतः काठावर उभी राहायची. ती बाई या पाण्यात, एवढ्याशा होडक्यात? ज्या बाईला मी इतकी घाबरत होते, तिच्यासाठी मला रडू फुटलं. आई, परत या हो, परत या, एवढंच मी बोलत होते.

खूप वेळानं वल्ह्याचा आवाज आला. धुक्यातून होडकं आलं. मामंजी वल्हवत होते आणि सासूबाई मधोमध, दोन्ही बाजू घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, हात खांद्यापर्यंत. पदर मोकळा होता. त्यांना वर ओढून घ्यायला तिघं लागलो. वर आल्या त्या सरळ माझ्यापाशी आल्या, माझा पदर बाजूला केला आणि तो बर्फासारखा हात माझ्या उघड्या पोटावर ठेवला. दातावर दात वाजत होते त्यांचे.

आणि पोरानं लाथ मारली. अशी मारली की सासूबाईंचा हात उडाला.

"हाय गो!" त्या ओरडल्या. "हाय, हाय! वन्सं, बघा, हाय!" परत हात ठेवला, परत लाथ. म्हणजे त्यांना पण कळलं होतं. आदल्या दिवसभर मी कितीदा पोटावर हात ठेवला ते त्या बघत होत्या, आणि मी बोलले नाही म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या. आम्ही दोघी त्या फळ्यांवर बसून इतक्या रडलो की आत्याबाईंनी दोघींना एकाच गोधडीत गुंडाळलं आणि चहा टाकायला गेल्या.

ऊन वर आलं आणि मचवा धक्क्याकडं निघाला. सासूबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. मी हळूच मामंजींना विचारलं, नारळ गेला का? "गेला की," ते म्हणाले. "पार टोकाच्या बाहेर नेऊन सोडला. ओहोटीच्या पान्यानं असा वढून नेला! पन तुझी सासू सोडंना गो. आदी होडक्यातून खाली उतरली, तिथं खडकावर कमरंएवढं पानी होतं. मी म्हनलं, वहिनी, पाय घसरंल. ऐकतेय कुठं? नारळ दोनी हातांनी धरून पान्याशी बोलत होती."

"काय बोलत होत्या?"

मामंजींनी झोपलेल्या सासूबाईंकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"म्हनत होती, एक घ्यायचंच असंल तर मला घे. मी उभी हाय हितं. माझ्या पोरीचं आता घेऊ नको."

"सुनेचं म्हणाल्या असतील," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आलं नसेल नीट."

"पोरीचंच म्हनली," मामंजी म्हणाले, आणि शिडाची दोरी ओढायला उठून गेले.

मी हात लांब करून सासूबाईंच्या लुगड्याचा ओला काठ पिळला आणि त्यांच्या पायांवर माझी गोधडी घातली.