चर्चच्या फाटकातला फळा

माझं अक्षर सुंदर आहे असं मी म्हटलं की बायको म्हणते, "होतं म्हणा." तिची सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून गेली, त्यामुळे खरं बोलायला ती कचरत नाही. पण जे होतं ते खरोखरच देखणं होतं. चित्रकलेचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो त्याच महिन्यात चर्चच्या फाटकातला काळा फळा मी मागून घेतला. रोज सकाळी सहाला पांढऱ्या खडूने बायबलमधलं एक वचन आणि खाली पिवळ्या खडूने माझी स्वतःची एक ओळ, वाचणाऱ्याला दिवसभर पुरेल अशी. शिरोरेषा इतकी सरळ, की कुणीही पट्टी लावून बघावी.

फळ्यासमोरच सुप्याच्या कारखान्यांची बस थांबते. पंधरा-वीस माणसं डबे घेऊन उभी असतात. बहुतेक सगळी शेतकऱ्यांच्या घरची, चर्चच्या आत कधी न आलेली. रोज समोर एवढे वाचक, म्हणून मी खूश होतो. त्यातली पॅकिंगला जाणारी एक बाई मला नेमाने सांगायची, "सर, अक्षार म्हंजी निस्तं छापल्यावानी हाय."

एकदा मला खुमखुमी आली. विचारलं, "ताई, काल काय लिहिलं होतं?"

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "ते न्हाई बा ध्यानात. पन लई भारी हुतं."

घरी येऊन मी बराच वेळ चिडचिड केली. बायकोने ऐकून घेतलं आणि चहा पुढे ठेवत विचारलं, "तुम्ही फळ्यावर देवाचं लिहिता की स्वतःचं?" मी वर्तमानपत्र उघडलं. उत्तर मला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मला लकवा मारला. उजवा हात गेला आणि जीभ थोडी जड झाली. इस्पितळातल्या खाटेवर मी देवाशी सरळ भांडलो. एवढं मोठं शरीर पडलं होतं, त्यातून नेमका तोच हात तुला कशाला हवा होता? चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून जात. मी 'आमेन' म्हणायचो, पण दातओठ खात.

व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता. महिनाभर मी तो टीव्हीपुढे बसून दाबला. मग एके सकाळी बायकोने तो काढून घेतला आणि मुठीत खडू कोंबला. म्हणाली, "चला, फाटकापर्यंत सोडते."

डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्या दिवशी मी अर्ध्या तासात एक शब्द लिहिला: ऊठ. त्यातला ठ चिरडलेल्या टोमॅटोसारखा दिसत होता. बसची माणसं रस्त्याकडे बघत राहिली. पॅकिंगवाली बाई मात्र बराच वेळ फळ्याकडे बघत होती, पण अक्षराबद्दल काही बोलली नाही. मला फार लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी गेलो. माझा स्वभावच तसा, हरायचं असलं तरी मैदानात जाऊन हरणार.

दोन आठवड्यांनी दोन शब्द जमले: धीर धर. नाताळच्या सुमारास तीन: आज एवढंच कर. एका शब्दाला दहा मिनिटं लागायला लागली की माणूस शब्द जपून काढतो. रात्री झोपताना मी विचारायचो, प्रभू, उद्या कुठले तीन? इतकी साधी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती, आणि सकाळी शब्द मिळालेले असायचे. उन्हाळ्यापर्यंत पुरी ओळ लिहीन, याबद्दल मला शंका नव्हती.

नव्या वर्षाच्या तोंडावर पाळकसाहेब घरी आले. वयाने माझ्या मुलासारखे, बोलायला मऊ. म्हणाले, "सर, चर्चच्या पंचांचं म्हणणं पडलं, दारात ते बरं दिसत नाही. तुम्हालाही त्रास. आपण फ्लेक्स करतोय. वर्षाचं वचन, रंगीत."

"आणि रोजचं?"

"रोजचं मोबाईलवर टाकू की."

मला खूप बोलायचं होतं, पण रागात जीभ अडखळते. खरं म्हणजे घाबरलो होतो. फळा गेला तर हा हात मांडीवर पडून राहणार आणि त्याच्याबरोबर मीही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी फ्लेक्स लागला. फळा पुरता झाकून, चारी टोकांना सुतळी. उगवता सूर्य, पांढरं कबूतर, सोनेरी अक्षरं. मी सवयीने सहाला गेलोच होतो, खिशात खडू. फ्लेक्स कसा दिसतो ते बघायला पाळकसाहेबही बाहेर आले. बसची माणसं जमली. एकाने "भारी हाय" म्हटलं आणि सगळे मोबाईलमध्ये शिरले. मी परत फिरलो.

तेवढ्यात पॅकिंगवाल्या बाईने खालची एक सुतळी सोडली, फ्लेक्सचा कोपरा उचलला आणि वाकून आत बघितलं.

"सर, आज न्हाई लिवलं?"

"वर छापलंय की, ताई. किती सुंदर."

"त्ये न्हाई वो, तुमचं." तिने कोपरा सोडला नाही. "आमच्या सासूबाईंनाबी लकवा हाय, दोन वरीस झालं. तुमचं सांगितल्यापासनं रोज सांजच्याला इचारत्यात, आज मास्तरांनी किती शब्द काढलं? एकाचं दोन झालं तवा उठून बसल्या. काल उजव्या हातानं वाटी धरली त्यांनी. आता आज जाऊन काय सांगू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. त्या म्हातारीला मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या चिरडलेल्या टोमॅटोची ती रोज वाट बघत होती.

मी खडू काढला. बाईने डबा खाली ठेवून दोन्ही हातांनी फ्लेक्स वर धरला, आणि मी त्याखाली वाकून लिहायला लागलो. आज वाटी, उद्या...

"हे कुठलं वचन, सर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आजचं," मी म्हणालो.

बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. बाई जागची हलेना. शेवटी पाळकसाहेब पुढे झाले आणि तिच्या हातातला कोपरा त्यांनी आपल्या हातात घेतला. "जा ताई, मी धरतो."

ती पळत जाऊन चढली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "सर, उद्या काय?"

शब्द अजून फळ्यावर उतरायचा होता. मी वळलो आणि जड जिभेने, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "घास!"

अख्खी बस वळून बघायला लागली.